नवीन घर, दाराआडची रेघ

आज आवाज थोडा घुमतोय, मला माहीत आहे. खोली अजून अर्धी रिकामी आहे, पडदे लागायचेत. आणि मधूनच ट्रॅक्टर जाईल, तो आवाज मी एडिट करणार नाहीये. सायखेड्यात कांद्याचा उपबाजार आहे, लिलावाच्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक्टरांची रांग लागते. त्यामुळे जे आहे ते असं आहे.

मागच्या भागात सहज बोलून गेलो की आम्ही घर घेतलं, तर इतके मेसेज आले, ‘दादा होम टूर!’ आता ऑडिओवर होम टूर कशी करायची? पण करतो प्रयत्न. आधीच सांगतो, इंटिरियर डिझायनर नाही, फॉल्स सीलिंग नाही, ती भिंतीत लपवलेली निळी लाइट तर नाहीच नाही. जे काही केलं ते मी, पप्पा, एक वायरमन आणि एक रंगारी काका, एवढ्यांनी मिळून. आणि आईने. आईचं नंतर सांगतो.

ज्यांना सायखेडा माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिक जिल्हा, निफाड तालुका. चांदोरीकडून येताना गोदावरीवरचा पूल ओलांडला की आमचं गाव. थोडं खाली गेलं की नांदूरमध्यमेश्वर, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात लोक कॅमेरे घेऊन पक्षी बघायला तिकडे जातात. आमचं गाव टीव्हीवर येतं ते मात्र पावसाळ्यात. कारण वर नाशिकला पाऊस झाला, गंगापूर आणि दारणा धरणांतून पाणी सोडलं, की ते सगळं आमच्या पुलाखालून जातं. पानवेली पुलाला अडकतात, पाणी तुंबतं आणि मग गावात शिरतं.

पप्पा आडतीवर हिशेब लिहितात. 24 वर्षं आम्ही याच गावात भाड्याने राहिलो. एका घरमालकाच्या दोन खोल्या, नदीकडच्या बाजूला. खिळा ठोकायचा तरी विचारून. मला नोकरी लागली, चार-पाच वर्षं पैसे साठले, कर्ज मिळालं, आणि गेल्या वर्षी हे घर घेतलं. खाली तीन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर एक छोटी खोली. गाव सोडायचं नव्हतं, कारण पप्पांचं काम इथे, आजीचा जीव इथे. मी तर काय, लॅपटॉप आणि नेट असलं की झालं.

किंमत कमी होती. का कमी होती ते आम्हाला माहीत होतंच. तरीही ते कारण डोळ्यांनी दिसलं ते चावी हातात आल्यावर. पुढच्या खोलीचं दार लावलं, तर दारामागे भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा. खालच्या रेघेशी लिहिलेलं, 2/8/16. वरच्या रेघेशी 4/8/19. वरची रेघ माझ्या छातीला लागते. मी टेप लावून मोजली, चार फूट दोन इंच.

आणि त्याच्या शेजारी, चौकटीच्या लाकडावर, आधीच्या मालकांच्या मुलाची उंची. दर वाढदिवसाला एक खूण. आठव्या वाढदिवसाची खूण त्या वरच्या रेघेच्या खाली होती.

मी त्या काकांना फोन केला. आता ते नाशिकला राहतात. म्हणाले, “अरे ती रेघ आमच्या म्हाताऱ्यांनी मारली. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाचा पट्टा राहतो ना, तो पुसायच्या आधी मारून ठेवायची, असा त्यांचा नियमच होता.”

हे ऐकून मला दुतोंड्या मारुती आठवला. नाशिककरांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: गोदाघाटावर नदीपात्रातच ही मारुतीची मोठी मूर्ती आहे, दोन्ही बाजूंना तोंड असलेली. पूर आला की अख्खं नाशिक विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला? क्युसेकचा आकडा नंतर. आमच्याकडेही तेच. मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला, की आजी म्हणायची, “पोरा, धान्याचे डबे वर घे.” जर्मनीत पासाऊ नावाचं गाव आहे, तिथे तीन नद्या मिळतात. तिथल्या टाउन हॉलच्या भिंतीवर 1501 सालच्या पुरापासूनच्या खुणा कोरून ठेवल्यात, 2013 चीही आहे. तिथे टुरिस्ट त्याच्यासमोर सेल्फी काढतात. आमच्या दाराआडच्या रेघेला कोण येतंय म्हणा.

तर रंगारी काका आले. त्यांनी भिंत बघितली आणि म्हणाले, “पुट्टी मारू, दोन हात प्लास्टिक पेंट मारू, रेघ गायब.” आई लगेच म्हणाली, “हो, पहिलं ते पुसा.”

मी म्हटलं, राहू दे की. आईचा चेहरा बदलला. म्हणाली, “तुला गंमत वाटते. घर नवीन घेतलं ना? मग त्यात ते कशाला?”

इथे थोडं मागे जावं लागेल. आई शिवणकाम करते. 2019 च्या ऑगस्टमध्ये, रविवार होता, आम्ही भाड्याच्या खोलीत होतो. पाणी इतकं भरभर चढलं की आजीला आणि सिलिंडर घेऊन बाहेर पडलो, एवढंच. आईची मशीन गेली. पण मशीनचं तिला तितकं नव्हतं. लोकांचे ब्लाऊजपीस होते, शिवायला आलेले, एका लग्नाचे तर सगळेच. गाळात भिजले. आईने वर्षभर थोडे थोडे पैसे भरून ज्याचं त्याला दिलं. कोणी मागितले नव्हते. मी तेव्हा कॉलेजला होतो, मला हे नंतर कळलं. तर तिच्यासाठी ती रेघ म्हणजे काय, हे मला ‘राहू दे की’ म्हणताना सुचलं नव्हतं. चूक माझी.

पण माझंही एक म्हणणं होतं. तुमच्यापैकी जे कोडिंग करतात त्यांना पटेल. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली, की नवीन पोरगं आधी ती डिलीट करतं. मग रात्री दोनला सगळं बंद पडतं, आणि कळतं ती ओळ कोणीतरी मार खाऊन लिहिली होती. रेघ पुसली म्हणून पाणी तिथपर्यंत यायचं थांबणार नाही. उलट, ती असेल तर प्रत्येक गोष्ट किती उंचीवर लावायची ते तरी ठरेल.

आठवडाभर घरात यावर कोणी बोललं नाही. रंगारी काका दुसऱ्या कामाला गेले.

मधल्या काळात मी भिंतीचा अभ्यास केला, आणि हे तुमच्या उपयोगाचं आहे, म्हणून नीट ऐका. खालच्या भागात रंगाला फुगे आले होते, नख लावलं की पापुद्रा निघायचा, आत पांढरी पूड. त्याला लोणा म्हणतात. विटा जमिनीतलं पाणी वर ओढतात, पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे खडे होतात आणि ते रंगाला आतून ढकलतात. त्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट मारला की ओल कोंडते आणि पुढच्या वर्षी परत तेच, वर पैसे गेले ते वेगळेच. ओल्या भिंतीला श्वास घेणारा रंग लागतो. म्हणजे आपला जुना चुना.

म्हणून आम्ही खालचा भाग प्लास्टरपर्यंत खरवडला, कोरड्या ब्रशने लोणा झाडला. पाणी मारायचं नाही, पाण्याने क्षार परत आत जातात. मग खिडक्या उघड्या ठेवून महिनाभर वाळू दिला. महिनाभर! मला दुसऱ्याच दिवशी रंग हवा होता. मग कळीचा चुना आणला, पत्र्याच्या डब्यात भिजवला. प्लास्टिकची बादली घेऊ नका, चुना पाण्यात पडला की अक्षरशः उकळतो. डोळ्याला चष्मा लावा, हे मी गमतीत सांगत नाहीये. दोन दिवस मुरवला, गाळला, त्यात पिवडी घातली आणि पातळ पातळ तीन हात मारले. सामान 1,200 रुपयांत बसलं. तोटाही सांगतो, पाठ टेकली की शर्टला लागतो. आजी रोज बोलते त्यावरून.

वरचा भाग साधा पांढरा. आणि पिवळा कुठे संपवायचा आणि पांढरा कुठे सुरू करायचा? बरोबर ओळखलंत. चार फूट दोन इंचांवर. बाहेरच्या माणसाला वाटतं डिझाइन आहे. परवा माझा एक मित्र म्हणाला, ‘टू-टोन भारी दिसतंय रे.’

वायरमनला सांगितलं, या रंगाच्या खाली एकही प्लग नको. भिंती फोडल्या नाहीत, वरून केसिंग-पट्टी टाकली. खालच्या मजल्याचा एमसीबी वेगळा, वरच्या खोलीचा वेगळा, आणि 30 मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी. खालची लाइट पाडून वर राहता आलं पाहिजे. यात पैसे वाचवू नका, आणि हे यूट्यूब बघून स्वतः करू नका.

कपाटं घेतलीच नाहीत. प्लायवूड आणि एमडीएफ एकदा भिजलं की पावासारखं फुगतं. निफाड तालुक्यात राहायचं आणि क्रेट मिळायचे नाहीत असं होत नाही. द्राक्षाचे, टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट, जुने, धुऊन घेतलेले. लोखंडी अँगलच्या रॅकवर ते ड्रॉवरसारखे सरकवले. माझी पुस्तकं, पप्पांच्या वह्या, आजीची औषधं, सगळं क्रेटमध्ये. कपाट उचलून गच्चीवर नेता येत नाही, क्रेट नेता येतो. आम्ही एका रविवारी टाइमर लावून बघितलं, खालचं सगळं वरच्या खोलीत न्यायला 22 मिनिटं लागली. पप्पांनी मधे चहा घेतला नसता तर अजून कमी.

घर घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मधेच. नदीकाठी घेत असाल, तर पूररेषा आधी विचारा. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्याच्या आत बांधकामाला मनाई असते. नकाशा बघा, आणि मग शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. दोघांचं जुळतंय का बघा. मी घेतलं म्हणून तुम्हीही घ्या, असं मी अजिबात म्हणत नाहीये.

राहिली आईची मशीन. तिला खिडकीपाशी उजेडात हवी होती आणि मशीन काही चार फुटांवर ठेवता येत नाही, पाय कुठे पोचणार? शेवटी मशीन चाकांच्या स्टँडवर घेतली आणि तिचं डोकं चार स्क्रूत सुटेल असं केलं. लोकांच्या कापडासाठी भिंतीला कडाप्प्याची फळी लावायची ठरली.

फळी लावायच्या दिवशी मी ड्रिल घेऊन स्टुलावर उभा. रेघेच्या फूटभर वर पेन्सिलने खूण केली. आई खालून बघत होती, गळ्यात तिची शिवणाची टेप. काही बोलली नाही. मग दार ओढून घेतलं, टेपचं टोक त्या 4/8/19 वर अंगठ्याने दाबून धरलं आणि टेप वर माझ्याकडे दिली.

“बारा इंच?” ती म्हणाली. “अठरा घे. पाणी काय विचारून येतं का?”

अठरावर लावली आहे. आता माझा हात तिथे आरामात पोचतो, तिला मात्र पाटावर उभं राहावं लागतं. पाट कुठे ठेवायचा यावर सध्या चर्चा चालू आहे.