पोटात रसायन वाहणारी जहाजे



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी पगार, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलेन अशी त्यांची समजूत असावी. मी रसायने वाहणाऱ्या जहाजांचे नाव काढले आणि ते जरा चकित झाले. परंतु हा विषय रायगडच्या किनाऱ्याला परका नाही. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ साली सुरू झाले. तिथले कंटेनरांचे ढीग दुरूनही दिसतात. त्याच बंदरात पातळ मालासाठी वेगळा धक्का आहे, तो मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. घारापुरीच्या पलीकडे मुंबई बंदराचा पिरपावचा धक्का आहे, तिथेही रसायने उतरतात. उतरलेला माल टाक्यांत साठतो, लॉऱ्यांवर चढतो आणि आपल्याच रस्त्यांनी कारखान्यांकडे जातो. जे आपल्या दारावरून रोज जाते, ते कशातून आले आणि कुणी आणले, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. किंबहुना ते आपले कर्तव्यच आहे.

मी महाविद्यालयाची पायरी चढलेली नाही. जे वाचले ते गरजेपोटी वाचले, आणि जे समजले ते खलाशांना, पंपमनना विचारून समजले. तेव्हा मी घरगुती भाषेतच सांगणार.

ताक पितळेच्या भांड्यात ठेवले तर ते कळकते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. म्हणून आपण भांड्याला कल्हई लावतो, आणि लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी वापरतो. रसायनवाहू जहाजाची सारी विद्या याच अनुभवातून वाढली आहे. कच्चे तेल नेणारे जहाज बहुधा एकाच जातीच्या मालाने भरते. रसायनवाहू जहाजाच्या पोटात वीस-वीस, तीस-तीस टाक्या असतात, आणि एकाच फेरीत शेजारी-शेजारी निरनिराळे माल असतात. काही टाक्यांना आतून जस्ताचा लेप असतो. तो मेथॅनॉलसारख्या द्रवाला चालतो, पण अ‍ॅसिड लागले की खाल्ला जातो. काहींना एपॉक्सीचा लेप असतो. तो खाद्यतेलाला आणि कॉस्टिक सोड्याला चालतो, परंतु काही द्रव त्यात मुरतात आणि पुढच्या फेरीच्या मालात उतरतात. फॉस्फोरिक किंवा सल्फ्युरिक अ‍ॅसिडासारख्या मालासाठी टाकी खास जातीच्या स्टेनलेस स्टीलची करावी लागते. आपल्या घरी तळणीला लागणारे पामतेलही याच वर्गाच्या जहाजांतून येते. ते गोठू नये म्हणून टाकीत गरम नळ्यांची वेटोळी असतात, आणि टाकीत आधीच्या फेऱ्यांना काय होते हे पाहिल्याशिवाय खाण्याचे तेल तीत भरत नाहीत.

दुसरा प्रश्न शेजाराचा. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजात स्फोटके होती आणि कापसाचे गठ्ठेही होते. युद्धाच्या घाईत हे दोन माल एकाच जहाजात भरले गेले. कापूस पेटला आणि आग स्फोटकांपर्यंत पोचली. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. माल एकेकटा असता तर जी आपत्ती टळण्याजोगी होती, ती शेजाराने ओढवली. रसायनवाहू जहाजात म्हणून असा दंडक आहे की, ज्या दोन मालांचे पटत नाही त्यांच्यामध्ये रिकामी जागा किंवा तिसरी निरुपद्रवी टाकी हवी. त्यांचे नळ वेगळे हवेत, वायू बाहेर सोडण्याच्या नळ्याही वेगळ्या हव्यात. आता बहुतेक जहाजांत प्रत्येक टाकीच्या तळाशी तिचा स्वतःचा पंप असतो, तो एवढ्याचसाठी.

तिसरी गोष्ट, जहाज आपटले तर काय? पातळ रसायनांच्या वाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम १ जुलै १९८६ पासून नव्या जहाजांवर बंधनकारक झाले. त्यांत जहाजांचे तीन प्रकार केले आहेत. अत्यंत घातक माल पहिल्या प्रकारच्या जहाजातूनच न्यायचा. तिथे टाकी जहाजाच्या बाजूपासून रुंदीच्या एक-पंचमांश, किंवा साडेअकरा मीटर, यांत जे कमी असेल तेवढी आत असली पाहिजे. आणि एका टाकीत १,२५० घनमीटरपेक्षा जास्त माल भरता येत नाही. दुसऱ्या प्रकारात हे अंतर किमान ७६० मिलिमीटर, आणि टाकीची मर्यादा ३,००० घनमीटर. अर्धी भरलेली घागर कमरेवर घेतली की पाणी हिंदकळते आणि चालणाऱ्याचा तोल जातो. समुद्रावर शेकडो टन द्रव असा हिंदकळला तर जहाजच कलते. माल लहान लहान टाक्यांत विभागण्याचे हेही एक कारण आहे. शिवाय टाकी काठोकाठ भरायची नाही, कारण ऊन लागले की द्रव फुगतो. पेट घेणाऱ्या मालावरच्या मोकळ्या जागेत नायट्रोजन भरतात, म्हणजे ठिणगीला लागणारा प्राणवायूच तिथे उरत नाही.

चौथी गोष्ट आपल्या कोळी बांधवांची. माल उतरला तरी टाकीच्या अंगाला थोडा चिकटून राहतो. तो धुतलेले पाणी जाते कुठे? २००७ पासून बांधलेल्या जहाजांत उतराई झाल्यावर एका टाकीत व तिच्या नळांत मिळून ७५ लिटरांहून अधिक माल उरता कामा नये. सर्वांत घातक वर्गाचा माल असेल तर पहिले धुवण बंदरातच किनाऱ्यावर द्यायचे. बाकीचे सोडायचेच झाले तर किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे, २५ मीटरांहून खोल पाण्यात, आणि जहाज चालू असताना. नियम चांगला आहे. पण भर समुद्रात रात्री तो पाळला गेला की नाही, हे पाहायला तिथे ना करंजाचा कोळी असतो, ना थळचा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली. ती कंटेनर आणि सुटा माल नेणारी जहाजे, रसायनवाहू नव्हेत. तरी सांडलेले तेल आपल्या किनाऱ्याला लागले, आणि काही दिवस मासळीला गिऱ्हाईक मिळेनासे झाले. चूक समुद्रावर होते, भोगते कोळीवाड्याची टोपली.

एवढे सगळे लोखंड, एवढे नियम. मग माणसे का मरतात? इथे मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो.

गावाकडे जुन्या आडात उतरण्यापूर्वी आधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर माणूस उतरत नसे. रिकाम्या टाकीची हीच गोष्ट आहे, फक्त तिथे कंदीलही सोडता येत नाही, कारण ज्योतीनेच स्फोट व्हायचा. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. तो पुरेसा आहे का, विषारी वायू आहे का, हे यंत्राने मोजावे, वारा खेळवावा, लेखी परवाना घ्यावा, तोंडाशी दुसरा माणूस उभा करावा, आणि मगच उतरावे असा नियम आहे. अशा बंदिस्त जागेतून सुटकेची कवायत दर दोन महिन्यांनी करणे २०१५ पासून सक्तीचे आहे. कारण पहिला खाली पडला की दुसरा धावतो, आणि दुसऱ्यामागून तिसरा. वाचवायला गेलेलेच पुष्कळदा मरतात.

आणि उतरायचा हुकूमच चुकीचा असेल तर? २८ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यापलीकडच्या समुद्रात ‘बो मरिनर’ नावाचे रसायनवाहू जहाज स्फोट होऊन बुडाले. जहाजावर २७ माणसे होती, ६ वाचली. पेट्रोलात मिसळण्याचे एक अतिज्वालाग्राही द्रव उतरवून २२ टाक्या रिकाम्या झाल्या होत्या. त्यांची सारी झाकणे उघडून सफाईला लागा, असा कप्तानाचा हुकूम झाला. वाफ डेकवर पसरली आणि कुठल्याशा ठिणगीने पेटली. अमेरिकी तटरक्षक दलाच्या चौकशीत असे दिसून आले की, वरिष्ठ अधिकारी ग्रीक, खलाशी फिलिपिनो, आणि खालच्या माणसाने वरच्याला प्रश्न विचारण्याची तिथे रीतच नव्हती. सुरक्षेची पुस्तके त्या जहाजावरही होती. नव्हती ती विचारण्याची मुभा.

हे अमेरिकेचे झाले. आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात (नाव घेत नाही) एका कंत्राटी पोराने मुकादमाला विचारले, “दादा, ह्या टाकीत काय होतं?” उत्तर मिळाले, “तुला काय करायचंय? धू मुकाट्याने.” मित्रहो, कल्हई कितीही उत्तम असो, या एका उत्तराने ती व्यर्थ होते.

म्हणून माझे मागणे लहान आहे. टाकीत काय आहे हे विचारण्याचा, आणि उत्तर मिळेपर्यंत न उतरण्याचा अधिकार जहाजावरच्या खलाशाला, धक्क्यावरच्या हमालाला आणि कारखान्यातल्या कंत्राटी पोराला सारखाच असला पाहिजे. असा अधिकार कागदावर असला तरी, तो एकट्या माणसाला वापरता येत नाही. दहा जण पाठीशी उभे राहिले तरच वापरता येतो. संघटना म्हणजे दुसरे काय?

आणि आपणा नागरिकांचेही एक काम आहे. रसायनाच्या लॉरीवर मालाचे नाव, चार आकडी क्रमांक आणि आपत्तीत कळवायचा फोन क्रमांक लिहिलेली पाटी असावी, असे मोटार वाहनांचे नियम सांगतात. उद्या सकाळी रस्त्यावर उभे राहून ती पाटी वाचा. नसेल, किंवा चिखलाने झाकली असेल, तर त्या चालकावर ओरडू नका. तोही बिचारा हुकमाचा ताबेदार आहे. तक्रार मालकाकडे आणि सरकारकडे करा, चार जणांच्या सहीने करा.