ट्रॉलीचा मागचा दिवा

उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या घरातली माणसं रात्री-अपरात्री ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर असतात. म्हणून आज आम्ही ट्रॉलीच्या दिव्यांबद्दल बोलणार आहोत.

मागच्या हंगामातली गोष्ट. आमच्या बचत गटातल्या एका घरची ट्रॉली ऊस भरून दिवस मावळताना फडातून निघाली. वळणावर टायर पंक्चर झालं. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे लख्ख होते, पण ट्रॉलीच्या मागे काळोख. मागून येणाऱ्या मोटारसायकलवरच्या पोराला ती दिसलीच नाही. पोराचा पाय मोडला, जीव वाचला.

दुसऱ्या दिवशी बिघाड सापडला. खंडेनवमीच्या आधी ट्रॉलीला नवा रंग दिला होता आणि अर्थिंगच्या बोल्टखाली रंगाचा थर बसला होता. एवढंच! पूजेला आम्ही सगळ्या होतो. हळदीकुंकू लावलं, हार घातला. पण मागचा दिवा लावून बघा, असं एकीनंही म्हटलं नाही. तेव्हापासून गावातल्या वायरमनकडून आम्ही हे काम शिकून घेतलं.

आधी अर्थिंग म्हणजे काय ते बघू. बॅटरीतून वायरने करंट दिव्यापर्यंत जातो, तसा तो परतही यावा लागतो. परतीची वाट म्हणजे अर्थिंग. पुष्कळ ट्रॉल्यांना त्यासाठी वेगळी वायर नसते. करंट ट्रॉलीच्या लोखंडातून आणि हुकातून परततो. हुकाला गंज आणि ग्रीस. मग खड्ड्यात दिवा लागतो, सपाटीवर विझतो. इंडिकेटर दिला की टेललाइटही मिणमिणायला लागला, तर आधी अर्थिंगवरच संशय घ्यावा.

तपासायला लागतो बारा व्होल्टचा एक बल्ब, होल्डर आणि वायरचे दोन तुकडे. घरातला लाइटचा टेस्टर इथे चालत नाही, कारण बारा व्होल्टवर तो पेटतच नाही. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण बॅटरीजवळ धातूची बांगडी दोन्हीकडे टेकली तर ठिणगी उडून हात भाजतो. म्हणून पाटल्या, अंगठ्या काढून ठेवा, मंगळसूत्र पदराआड घ्या. चाकांना दगड लावा.

आता क्रमाने जाऊ. एकीने ट्रॅक्टरवर बसावं, दुसरीने मागे उभं राहावं आणि ओरडून सांगावं: डावा, उजवा, ब्रेक! ट्रॅक्टरचेच मागचे दिवे लागत नसतील, तर बिघाड ट्रॅक्टरमध्ये आहे; आधी फ्यूज बघा. ते लागत असतील, तर ट्रॉलीचा प्लग काढा. आपल्या बल्बची एक वायर ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला धरा, दुसरी सॉकेटच्या एकेका भोकात घाला. डावा इंडिकेटर दिल्यावर एका भोकात बल्ब उघडझाप करेल, ब्रेक दाबल्यावर दुसऱ्या भोकात लागेल. वायरच्या रंगावर विसंबू नका. दुरुस्ती करताना ज्याला जी मिळाली ती वायर त्याने जोडलेली असते.

सॉकेटपर्यंत करंट येतोय, म्हणजे दोष पुढे. प्लगच्या पिना पॉलिशपेपरने घासा. सैल झाल्या असतील तर चाकूच्या टोकाने जरा फाकवा. प्लग परत लावा. मग एक लांब वायर घेऊन ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडापासून थेट दिव्याच्या होल्डरच्या लोखंडाला धरा. दिवा लख्ख लागला, तर अर्थिंगच गेलेलं. बोल्ट सोडवा, खालचा रंग नि गंज चकाकेपर्यंत खरवडा, घट्ट आवळा, वर थोडं ग्रीस लावा. त्याहून बरं म्हणजे प्लगमधूनच अर्थिंगची वेगळी वायर घ्या. मग हुकाच्या भरवशावर राहावं लागत नाही.

एकच दिवा लागत नसेल, तर बल्ब किंवा होल्डर बघा. टेल आणि ब्रेकसाठी मिळून एकच बल्ब असेल, तर त्यात दोन तारा असतात, पाच वॅटची आणि एकवीस वॅटची. त्याच्या अंगावरचे दोन खिळे मुद्दाम वर-खाली असतात. उलटा कोंबू नका.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर कुठेतरी वायर सोलून लोखंडाला टेकली आहे. हंगाम संपल्यावर ट्रॉली उभी असते तेव्हा उंदीर वायर कुरतडतात, हंगामात उसाचे वाढे ती ओढतात. फ्यूजच्या जागी जाड तार मात्र कधीच घालू नका; फ्यूज वाचेल, वायर जळेल. टेकलेली जागा शोधा, टेप गुंडाळा, सगळी वायर पाइपातून न्या आणि बांधून टाका. डबल ट्रॉली असेल तर मागच्या ट्रॉलीचेही दिवे बघा, कारण मागच्या गाडीवाल्याला तेच दिसतात.

लाल रिफ्लेक्टर लावाच, पुसतही जा. पण उजेड पडला तरच तो चमकतो. दिव्याचं काम तो करत नाही.

हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम. आमच्या गटात आता नेम आहे: ट्रॉली अंगणातून हलायच्या आधी घरातली एक बाई मागे उभी राहते आणि डावा, उजवा, ब्रेक म्हणते. घरचे पुरुष सुरुवातीला हसले. आता चालकच हाक मारतात, "वहिनी, जरा मागं बघता का?"

मैत्रिणींनो, त्या पोराच्या आईला भेटायला आम्ही गेलो होतो. तिने चहा दिला, एक शब्द बोलली नाही. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, म्हणून आज हे सांगितलं.