गोळीवर गोळी



युद्धात किती मेले याचा हिशेब पेपरात छापून येतो. जे जगले त्यांच्या डोक्यात काय चाललंय, याचा हिशेब कोण ठेवतो? घर जळालं, पोरगं डोळ्यांदेखत गेलं. माणूस रात्रभर जागा. दार वाजलं की दचकतो. आणि भले लोक सांगतात, ‘मन घट्ट कर.’ अरे, मन म्हणजे काय धोतराची गाठ आहे?

मी आज एका काळ्या डॉक्टरबद्दल बोलणार आहे. फ्रान्झ फॅनन. जन्म 1925, मार्टिनिक बेटावरचा. 1953 साली तो फ्रेंचांच्या ताब्यातल्या अल्जीरियात, ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला. मुसलमान पुरुषांच्या वॉर्डात त्यानं फ्रेंच पद्धतीचे कार्यक्रम सुरू केले. कुणी ढुंकून बघेना. तेव्हा त्यानं रोग्यांना दोष दिला नाही, पद्धत बदलली. वॉर्डात कहवाखाना काढला, त्यांचे सण साजरे केले, गोष्टी सांगणारा बोलावला. माणसं बोलती झाली. दुखणं ज्याचं, भाषाही त्याचीच पाहिजे.

1954 मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. त्याच्याकडे छळ सोसलेले येऊ लागले, छळणारेही येऊ लागले. एक पोलीस इन्स्पेक्टर दिवसा कैद्यांना तुडवायचा, घरी येऊन बायकोपोरांना. नोकरी सोडायची त्याची तयारी नव्हती. मनाला टोचणी न लागता छळ करता यावा, एवढाच इलाज त्याला हवा होता! 1956 च्या अखेरीस फॅननने राजीनामा फेकला. सरकारने बाहेर माणसं मोडायची आणि डॉक्टरने आत सांधत बसायचं, हे त्याला जमणारं नव्हतं.

ट्युनिशिया आणि मोरोक्कोच्या सरहद्दीवर तेव्हा सुमारे तीन लाख अल्जीरियन निर्वासित पडले होते. त्यांतल्या बाळंतिणींना वेडाचे झटके यायचे. फॅननने 1961 च्या आपल्या पुस्तकात याची नोंद केलीय: औषधाने बाई शांत होते, पण तिचं छावणीतलं जिणंच आजाराला पुन्हा खतपाणी घालतं. म्हणजे बंदुकीच्या गोळीवर डॉक्टरची गोळी. गोळीवर गोळी!

आज तशीच छावणी बांगलादेशात कॉक्स बाजारला आहे. म्यानमारने 1982 च्या कायद्याने रोहिंग्यांना नागरिक म्हणून नाकारलं. 2017 च्या ऑगस्टपासून सात लाखांवर माणसं जीव घेऊन पळाली. आपल्या दुखण्याला ते म्हणतात ‘चिंता लागेर’, ‘अशांती लागेर’. सांगा, दुभाषा लागतो का? 2023 मध्ये पैसे नाहीत म्हणून त्यांचं रेशन माणशी महिना बारा डॉलरवरून आठ डॉलरवर आणलं. आता ही अशांती कुठून येते ते शोधायला तज्ज्ञ कशाला बोलवायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली आकडा दिला: युद्धाने होरपळलेल्या भागात पाचातल्या एकाला मानसिक आजार असतो. दुःख मात्र पाचही जणांना आहे. प्रत्येक दुःखाला रोग म्हणू नका. आणि खरा रोग ‘दुःखच आहे’ म्हणून झाकूही नका. जीव द्यायला निघालेल्याला, भास होणाऱ्याला डॉक्टर मिळालाच पाहिजे. औषध हा त्याचा हक्क आहे.

पण सुरुवात कुठून? संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि मदतसंस्थांनी 2007 साली मिळून नियमावली काढली. तिच्यात तळाशी आहे अन्न, निवारा, सुरक्षितता. मग कुटुंब आणि वस्ती. मग थोडं शिकवून तयार केलेली माणसं. तज्ज्ञ अगदी टोकाला. पेशावरमध्ये डॉक्टर नसलेल्या अशाच माणसांनी आठवड्याला एक, अशा पाच बैठका घेतल्या. 2016 साली निष्कर्ष छापून आला: लोकांचा त्रास कमी झाला. म्हणजे हे काम आपल्यासारख्यांनाही शिकता येतं. जवळ बसा, ऐका, हरवलेल्या नातलगाचा पत्ता काढायला मदत करा. ‘काय घडलं ते सगळं सांग’ म्हणून खपली मात्र काढू नका. तो बोलेल तेव्हा बोलेल.

म्हणून निर्वासितांसाठी समुपदेशन केंद्र मागणारा अर्ज तुमच्यापुढे आला तर जरूर सही करा. पण सहीच्या आधी त्याच कागदावर तीन मागण्या वाढवा: पोटभर रेशन, हाताला काम, नागरिकत्वाचा कागद. आणि खाली ठळक अक्षरात विचारा, पहिली गोळी झाडली कुणी?