हंडा भरत आल्याचा आवाज

तुमच्यातले बरेच जण हे दीडपट स्पीडवर ऐकत असणार, मला माहितीये. चालू द्या. आज मी ‘सावकाश जगा’ असं काही सांगणार नाहीये. सकाळी वाळूज नाहीतर शेंद्र्याची कंपनीची बस पकडायची असते, तिथे सावकाश काय कपाळ जगणार! आजचा प्रश्न त्याहून छोटा आहे. आहे त्याच धावपळीत एखाद्याला आनंदाची गोष्ट सापडते आणि दुसऱ्याच्या हातून ती निसटते. असं का होतं?

उदाहरण एकच घेऊ. आपल्या शहराचं आवडतं, नावडतं, रोजचं उदाहरण. पाणी.

बाहेरगावहून ऐकणाऱ्यांसाठी सांगतो. छत्रपती संभाजीनगरच्या कितीतरी भागांत नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. जायकवाडी धरण पैठणला, इथून साधारण ५० किलोमीटरवर. तिथून पाणी उपसून शहरात आणावं लागतं. त्यामुळे ‘आज पाणी येणारे’ ही आमच्याकडे बातमी असते. गल्लीत एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. मग ड्रम, हंडे, बादल्या, पाइप, नुसती पळापळ.

त्या पळापळीत एक आवाज असतो. रिकाम्या हंड्यात धार पडते तेव्हा आवाज जाड, घुमणारा येतो. हंडा भरत जातो तसा तो बारीक होत जातो. कारण सोपं आहे. हंड्यात पाण्याच्या वर जी हवा असते, ती कमी कमी होत जाते, आणि हवेची पोकळी जितकी लहान तितका सूर वरचा. बासरीतही हेच चालतं. आणि आजी? ती स्वयंपाकघरात भाजी चिरत असते. मान वर न करता ओरडते, “अरे भरत आला बघ, पाइप काढ!” तिला कुणी फिजिक्स शिकवलेलं नसतं. पण तिचा अंदाज चुकत नाही.

आता बघा, आजी काही सगळी कामं सोडून डोळे मिटून बसली नव्हती. भाजी चालूच होती. तिच्याकडे आपल्यापेक्षा जास्त वेळ आहे असंही नाही. तिला त्या पाण्याची पर्वा आहे, एवढंच. ज्याची पर्वा असते तिकडे कान आपोआप जातो.

याची उलटी बाजूही आहे. नोकरीसाठी पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेल्या आपल्या मित्रांना विचारा. चोवीस तास पाण्याचा फ्लॅट मिळाला की पहिले आठ दिवस नळ सोडतानाही भारी वाटतं. नवव्या दिवशी काही नाही. मेंदू असाच चालतो, जे सारखं मिळतं ते तो मोजायचं सोडून देतो.

मग प्रत्येक गोष्टीची टंचाई व्हायची वाट बघायची का? नाही. दुसरा रस्ता आहे, कुतूहलाचा. एक प्रश्न विचारायचा.

पाणचक्कीचंच घ्या. पाहुणे आले की आपण त्यांना तिथे नेतो, एक फोटो काढतो, निघतो. पुढच्या वेळी फक्त एवढं विचारा की हे पाणी येतं कुठून? मग कळतं, ते काही किलोमीटर लांबच्या डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलं होतं. वाटेत पंप नाही, मोटार नाही, नुसता उतार. भिंतीवरून ते हौदात कोसळतं. त्याच्याच जोरावर खाली पातं फिरायचं आणि वर जातं. त्या पिठावर दर्ग्यातले फकीर आणि वाटसरू जेवायचे. आणि त्या हौदाच्या खाली चक्क एक मोठं दालन आहे, म्हणजे डोक्यावर छताऐवजी पाणी! हे माहीत झालं की तीच धार वेगळी दिसते. वेळ तेवढाच लागतो, फोटोएवढा.

त्याच्याही आधी मलिक अंबर. अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून आणलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१०च्या सुमारास त्याने खडकी वसवली, तेच आपलं शहर. डोंगराच्या पोटात झिरपणारं पाणी जमिनीखालून त्याने शहरात आणलं, ती नहर-ए-अंबरी. वरून कोरडा दिसणाऱ्या डोंगरात पाणी आहे, हे कुणीतरी लक्ष देऊन बघितल्याशिवाय कळलं असतं का?

दिल्ली दरवाज्याजवळच्या तळ्याला ज्यांचं नाव आहे, त्या सलीम अलींची गोष्टही अशीच. लहानपणी मुंबईत त्यांनी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हा एक प्रश्न घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि आयुष्यभर पक्ष्यांच्या मागे राहिले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातसुद्धा ती चिमणी आहे.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण या विषयावर ती सहसा कुणी बोलत नाही. छोटे आनंद बघा, याचा अर्थ गप्प बसा असा होत नाही. हंड्याचा सूर कितीही गोड असला, तरी नळाला रोज पाणी आलंच पाहिजे. ती मागणी करतच राहायची.

आणि खरं लक्ष दिलं तर फक्त गोड तेवढंच दिसत नाही. अवेळी पाणी आल्यावर घरात कोण उठतं? हंडे कोण उचलतं? बहुतेक घरांत आई, आजी, वहिनी. आपण उशी कानावर ओढतो. आजीचा कान इतका तयार का आहे, याचं उत्तर तिथेच आहे. तिने इतके हंडे भरलेत की आवाज पाठ झालाय.

म्हणून या आठवड्यात एकच काम. दहा कलमी कार्यक्रम नाही, अ‍ॅप नाही, डायरी नाही. पुढच्या वेळी पाणी आलं की फोन आत ठेवा आणि पाइप तुम्ही धरा. आजीला, आईला बसू द्या. हंडा भरत आला की आवाज कधी बदलतो ते ऐका. आणि तिच्या आधी तुम्हाला ओळखता येतं का, पैज लावा. हराल बहुतेक. पण ती हसेल.

ज्यांच्या घरी चोवीस तास पाणी आहे, त्यांनी घरात रोज कानावर पडणारा कुठलाही एक आवाज निवडा आणि त्यामागचं काम कोण करतं ते बघा.

काय ऐकू आलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत काळजी घ्या, आणि हो, नळ बंद करायला विसरू नका!