किल्ला वरून पाहिला
मालवणात जन्म गेला, पण १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग आम्ही वरून कधी पाहिला नव्हता. दिवाळीनंतर बचत गटातल्या आम्ही चौघी पॅरासेलिंगच्या बोटीत बसलो. साडी चालणार नव्हती, म्हणून सुनांचे पंजाबी ड्रेस घातले. घरी त्यावरून कुरबुर झालीच! लाइफ जॅकेटचे पट्टे ढिले होते, ते भांडून घट्ट करून घेतले. तुम्हीही घ्या.

दोर सुटत गेला तशी बोट एवढीशी झाली, इंजिनाचा आवाज विरला. खाली किल्ल्याचा नागमोडी तट, माडांत लपलेली आमची कौलं.

आमच्यातल्या एकीचा घोव मासेमारीला गेला तो परतलाच नाही. तेव्हापासून ती समुद्राकडे पाठ करूनच बसायची. खाली उतरल्यावर तीच म्हणाली, "परत एकदा जावया गो?"