डोके धुण्याची वडी : घरच्या घरी

(महिला शाखेच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. एवढ्या मोठ्या मेळाव्यात साबणाच्या वडीवर भाषण कशाला? परंतु महिला शाखेच्या आम्ही चौघी दोन वर्षांपासून हाच उद्योग करीत आहोत. त्यात काही जमले, काही फसले आणि एकदा तर फार मोठ्या संकटातून आम्ही थोडक्यात वाचलो. ते सर्व सांगितल्याशिवाय कोणाच्याही हाती नुसती कृती देऊ नये, असे आमचे ठरले आहे.

आमच्या आज्या तळ्याकाठच्या चिकणमातीने डोके धूत. सणावाराला शिकेकाई आणि रिठे मिळाले तर ती चैन. रिठा आणि शिकेकाई यांच्या फळांत सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. ते पाण्यात फेस देते आणि तेलकटपणा काढते. शाम्पू हा शब्दही मुळात आपल्याकडचाच. चंपीवरून तो इंग्रजीत गेला आणि पाटण्यात जन्मलेल्या साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील ब्रायटन येथे चंपी-मालिशची स्नानगृहे चालवून तो तिकडे रूढ केला. पुढे तामिळनाडूतील कडलूर गावाहून शाम्पूच्या छोट्या पुड्या निघाल्या आणि गरिबाच्या न्हाणीघरातही शाम्पू पोचला. हे वाईट झाले असे आम्ही म्हणणार नाही. पण वसतिगृहातील मुलींच्या न्हाणीघराचे गटार महिन्यातून दोनदा त्याच पुड्यांनी तुंबू लागले आणि काढायला आम्हालाच बोलावणे येऊ लागले. आमच्या कामाची सुरुवात तेथून झाली.

विद्यार्थ्यांसाठी थोडे रसायनशास्त्र. तेल आणि दाहक सोडा, म्हणजे बाजारातला कॉस्टिक सोडा, यांचा संयोग झाला की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. घरी केलेल्या साबणात हे ग्लिसरीन आतच राहते. कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. धुण्याचा सोडा वेगळा आणि खाण्याचा सोडा त्याहून वेगळा. दुकानदाराने 'सगळे एकच हो ताई' म्हटले तरी ऐकू नये. मुख्य गोष्ट अशी की प्रत्येक तेलाला लागणारा सोडा निराळा असतो. एक ग्रॅम खोबरेलाला साधारण ०.१८ ग्रॅम, तिळाच्या तेलाला ०.१३ ग्रॅमच्या थोडे वर, एरंडेलाला ०.१३ ग्रॅमच्या थोडे खाली. म्हणून एका तेलाच्या जागी दुसरे घातले की सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आमचा पहिला घाणा येथेच फसला. आम्ही वाटीने मोजले. स्वयंपाक वाटीने होतो, मग साबण का नाही, असा आमचा समज. वड्या दिसायला पांढऱ्याशुभ्र आणि कडक झाल्या. आमच्यातल्या एकीने उत्साहाने डोके धुतले आणि दोन दिवस तिचे डोके आगीसारखे जळजळत होते. सोडा जास्त झाला होता. आधी हळद लावून पाहिली होती, ती लाल झाली, तेव्हा आम्हाला वाटले की साबण बरोबर झाला. पण चांगल्या साबणानेही हळद लालच होते! तेव्हा हळदीची परीक्षा येथे उपयोगाची नाही. पीएच मोजण्याच्या कागदाच्या पट्ट्या आणाव्या. वडी ओली करून पट्टी लावली आणि आकडा नऊ-दहाच्या आसपास आला तर ठीक. अकराच्या वर आला तर ती वडी अंगाला लावू नये.

आता कृती. पाचशे ग्रॅम तेलाचे प्रमाण सांगतो, ते लिहून घ्या. खोबरेल २५० ग्रॅम, तिळाचे तेल १५० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम, कॉस्टिक सोडा ७४ ग्रॅम, पाणी १५० ग्रॅम. यात थोडे तेल साबण न होता उरते, ते मुद्दाम ठेवलेले आहे. खोबरेलाने फेस आणि कडकपणा येतो, एरंडेलाने फेस टिकतो, तिळाच्या तेलाने वडी सौम्य होते. आमच्याकडे जवस स्वस्त म्हणून एकदा जवसाचे तेल भरपूर घातले. वडी मऊ राहिली, महिन्याभरात तिच्यावर तांबूस डाग पडले आणि खवट वास सुटला. जवस चटणीसाठीच बरे. सगळे वजन एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करावे. पाणीसुद्धा तोलूनच घ्यावे, आणि ते गाळलेले पावसाचे किंवा डिस्टिल्ड असावे.

भांडी स्टीलची किंवा जाड प्लास्टिकची. जर्मलचे पातेले अजिबात नको. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, जो पेट घेतो. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे. हवा खेळती हवी. पाण्यात सोडा थोडा थोडा घालावा आणि ढवळावे. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते उसळून अंगावर येते. पाणी विस्तवाशिवायच चहाइतके गरम होते आणि त्याची वाफ नाकात झोंबते, तेव्हा तोंड दूर ठेवावे.

येथे ती घटना सांगितली पाहिजे. सोड्याचे हे पाणी निवाले की अगदी साध्या पाण्यासारखे स्वच्छ दिसते. आमच्यातल्या एकीने ते स्टीलच्या पेल्यात करून ओट्यावर निवत ठेवले आणि ती तेल तोलायला आतल्या खोलीत गेली. तिचा सहा वर्षांचा भाचा खेळून तहानलेला आला आणि त्याने पेला उचलला. नशीब एवढेच की पेला अजून गरम होता. हाताला चटका बसला आणि त्याने तो टाकला. पायावर शिंतोडे उडाले. वीस मिनिटे नळाखाली पाय धरला आणि मग दवाखान्यात नेले. त्याच्या पावलावर तो डाग आजही आहे. पेला निवलेला असता तर काय झाले असते, हे आम्ही चौघींनी एकमेकींना कधी बोलून दाखवले नाही. त्यानंतर दोन महिने आमचे काम बंद होते. त्या मुलाच्या आईनेच, म्हणजे आमच्या सभासद भगिनीच्या वहिनीने, एक दिवस येऊन सांगितले की बंद करू नका, पण नियम करा. ते नियम असे : खाण्यापिण्याचे भांडे या कामाला लावायचे नाही. भांड्यांना लाल रंगाची पट्टी मारून ती कुलपात ठेवायची. काम चालू असताना घरात लहान मूल नको. सोड्याचे भांडे सोडून कोणीही उठायचे नाही. सोडा अंगावर उडाला तर वाहते पाणी, आणि फक्त पाणी. लिंबू, व्हिनेगर लावत बसू नये. डोळ्यात गेला किंवा पोटात गेला तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना. उलटी काढू नये.

पुढचे काम सोपे आहे. तेले कोमट करून एकत्र करावी. तेल आणि सोड्याचे पाणी दोन्ही चाळीस अंशांच्या आसपास आले की पाण्याची बारीक धार तेलात सोडून ढवळावे. हाताने ढवळले तर वेळ लागतो. आपापसात गप्पा माराव्या, पण हात थांबवू नये. मिश्रण कढीसारखे दाट झाले आणि पळीतून सोडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर दिसू लागली की झाले. आता हवी तर वस्त्रगाळ शिकेकाई एक मोठा चमचा घालावी. जास्त घातली तर केसात रेती अडकल्यासारखे होते. कागद घातलेल्या लाकडी खोक्यात किंवा धुतलेल्या दुधाच्या पिशवीत ओतून टॉवेलात गुंडाळून ठेवावे. दुसऱ्या दिवशी मोजे घालूनच कापावे. साधारण आठ वड्या होतात. त्या जाळीवर, सावलीत, चार ते सहा आठवडे वाळवाव्या. हा काळ कोणाला निघत नाही, आम्हालाही निघाला नव्हता.

आता खरे बोलायचे तर ही वडी प्रत्येकीला मानवेलच असे नाही. साबण अल्कधर्मी असतो आणि केसांची प्रकृती किंचित आम्ल. शिवाय बोअरच्या जड पाण्यात साबणाचा साका तयार होतो आणि केस चिकट, मेणचट लागतात. आमच्या वस्तीत दहापैकी निम्म्या बायांनी हीच तक्रार केली. त्यावर उपाय म्हणजे डोके धुऊन झाल्यावर एक लिटर पाण्यात अर्धे लिंबू पिळून, गाळून, ते केसांवर ओतावे, डोळे मिटून, आणि वर साधे पाणी. याने पुष्कळ फरक पडतो. तरीही न जमल्यास हट्ट करू नये. दुकानात हल्ली ज्या शाम्पूच्या वड्या मिळतात त्यांतील पुष्कळशा साबण नसतातच. त्या सोडियम कोकोइल आयसेथिओनेट यासारख्या द्रव्यापासून करतात आणि त्यांना जड पाण्याचा त्रास होत नाही. केस रंगवलेले असतील तर आमची वडी न वापरलेली बरी, रंग लवकर उतरतो. कोंडा, खरूज, चाई असेल तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जावे. आमच्या वडीने केस वाढतात असे कोणी सांगत असेल तर ते आम्ही सांगितलेले नाही.

आणि पैशाचे? काही भगिनींनी विचारले की या वड्या मेळाव्यात विकून शिष्यवृत्ती निधीला का देऊ नये. इच्छा आमचीही होती. परंतु १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली विक्रीसाठी असे उत्पादन करायला परवाना लागतो, ठराविक जागा आणि जाणकार माणूस लागतो. यावरून आमच्या बैठकीत वाद झाला. 'लोणचे-पापड विकतोच की' असे एक मत, तर 'आपल्या संस्थेच्या नावाने कोणाचे डोके जळाले तर?' असे दुसरे. शेवटी दुसरे मत टिकले. सध्या वड्या घरच्यासाठी आणि शिकण्यासाठीच. परवान्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात करण्याचे काम दोघींनी घेतले आहे. खोबरेलाचे भाव पाहता फार मोठी बचत होते असेही नाही. पुड्यांचा कचरा मात्र आमच्या चार घरांतून गेला.

पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विहाराच्या मागील अंगणात आम्ही एक घाणा प्रत्यक्ष करून दाखवणार आहोत. दहावीच्या पुढच्या विद्यार्थ्यांना येता येईल, लहान मुलांना घरी ठेवून यावे. काटा, मोजे, चष्मे आमच्याकडे आहेत. येताना आपापल्या घरच्या बोअरचे पाणी बाटलीत घेऊन यावे, साबण घोळून ते किती जड आहे तेही पाहू. जयभीम.