विचारून तर पाहा
(एका कौटुंबिक स्नेहमेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



पत्रकाराला नकाराची सवय असते, असा समज आहे. लेख परत येतात, मुलाखती नाकारल्या जातात. पुढे त्याचे काही वाटेनासे होते. आपल्या माणसाचा नकार मात्र जिव्हारी लागतो, आणि पुष्कळदा तो नकार नसतोच.

माझ्या एका बालमित्राच्या मुलीचे लग्न ठरले. पत्रिका टपालाने आली. ‘घरी येऊन आमंत्रण देण्याइतकाही मी याचा उरलो नाही!’ असे म्हणून मी लग्नाला गेलो नाही. काही महिन्यांनी कळले की, त्या दिवसांत त्याची आई रुग्णालयात होती आणि बहुतेक पत्रिका त्याने टपालानेच धाडल्या होत्या. त्या माउलीच्या हातचे मी लहानपणी जेवलो होतो. ती गेली, हेही मला तेव्हाच कळले. मला नाकारल्याचा नुसता संशय होता. खरा नकार मीच दिला होता.

जेराल्डिन डाउनी आणि स्कॉट फेल्डमन या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्ये या वृत्तीचे नेमके वर्णन केले. नाकारले जाण्याची सतत धास्ती, साध्या वागण्यातही नकार चटकन दिसणे आणि तो दिसताच तीव्र प्रतिक्रिया उमटणे, अशी ही साखळी आहे. डाउनी व सहकाऱ्यांच्या १९९८ च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. नकाराच्या भीतीपोटी माणूस असा काही वागतो की, जोडीदार खरोखरच दुरावू लागतो. भीती स्वतःच स्वतःला खरे ठरवते.

२००३ मध्ये संशोधकांनी संगणकावरील चेंडूच्या खेळातून काहींना हेतुपुरस्सर वगळले. तेव्हा शारीरिक वेदनेशी निगडित असलेला मेंदूचा एक भाग त्यांच्यात अधिक सक्रिय झालेला आढळला. म्हणूनच दुखावलेल्या माणसाला ‘मनाला लावून घेऊ नकोस’ एवढे सांगून भागत नाही. त्याचे दुःख खरेच असते. त्या दुःखाने लावलेला अर्थ तेवढा तपासून घ्यावा लागतो.

सासूबाई विचारतात, ‘भाजीत गूळ घातलास का?’ सुनेला त्यात दोष काढल्याचा भास होतो. मोबाइलवर निळ्या खुणा उमटतात, भावाचे उत्तर येत नाही. बहीण राखीपर्यंत अबोला धरते. मानपानाने आपल्याकडे किती घरे दुभंगली आहेत, हे आपण सारेच जाणतो.

खरा अपमानही होतो, हे मी नाकारीत नाही. परंतु तो झाला की नाही, हे ठरविण्यापूर्वी एकदा विचारावे. ‘तू असे का केलेस?’ असे न म्हणता ‘सगळे ठीक आहे ना?’ असे विचारावे. त्यात कसलाही कमीपणा नाही.

शेवटी मी मित्राच्या घरी गेलो. त्याने दार उघडले आणि एवढेच म्हणाला, ‘आई तुझी आठवण काढीत होती.’

त्यावर द्यायला माझ्यापाशी उत्तर नव्हते. तुमच्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हे सांगितले.